शाळेच्या कुंपणावरचा देवकापूस रानटी आहे का? कापूस माणसाळला तेव्हा त्याच्यात काय बदललं?

प्रश्न कळव्याच्या एका शाळेतल्या बाईंचा आहे. शाळेच्या कुंपणाशी देवकापसाचं एक झाड आहे. आठ-नऊ वर्षांचं, डोक्याहून उंच. पावसाळाभर नुसतं पानांनी भरतं, फुलतं दिवाळीच्या आसपास. फुलं पिवळी, तळाशी गडद लाल ठिपका. बोंडं लहान, रुई आखूड; शिपाईमामांच्या घरी त्याच्या वाती होतात. सातवीतल्या एका मुलीने विचारलं, "बाई, हा जंगली कापूस आणि शेतातला पाळीव, असं आहे का? आणि पाळीव झाल्यावर कापसात काय बदललं?" जनुकांची माहिती हवी, पण मुलांना समजावता येईल अशी, असं बाईंनी लिहिलंय.

बाई, मी एकतीस वर्षं विदर्भात कापसाच्या नव्या वाणांच्या पैदाशीचं काम केलं. आता ठाण्याच्या नौपाड्यात राहते, आणि इथल्या जुन्या घरांच्या अंगणात देवकापूस दिसला की अजूनही थांबून त्याची बोंडं चाचपते. म्हणून उत्तर जरा लांबेल.

तुमचं झाड रानटी नाही. माणसाने हजारो वर्षांपूर्वी जवळ केलेल्या देशी कापसाचाच तो जुना, बहुवर्षायु प्रकार आहे. त्याचं शास्त्रीय नाव गॉसिपियम आर्बोरियम. तुम्ही लिहिलंय की फुलाच्या तळाशी तीन हिरव्या पानांचा द्रोण असतो आणि त्या पानांच्या कडा जवळपास सरळ, टोकाशी दोन-तीनच दातरे. बोंड खाली मान घालतं आणि टोकाकडे निमुळतं होतं. ही आर्बोरियमची खूण. शेतातल्या अमेरिकन कपाशीत हीच तीन पानं कंगव्यासारखी खोल कातरलेली असतात. एक सावधगिरी मात्र सांगते: देवकापूस म्हणून लावलेलं काही ठिकाणी दक्षिण अमेरिकेतल्या बार्बाडेन्स जातीचंही निघतं. तिच्या एका प्रकारात प्रत्येक कप्प्यातल्या सरक्या एकमेकींना चिकटून मूत्रपिंडाच्या आकाराचा गठ्ठा होतो. तुमची सरकी सुटी निघते आणि द्रोणाच्या पानांच्या कडाही सरळ आहेत, त्यामुळे शंका उरत नाही.

मग रानटी कापूस कुठे आहे? आर्बोरियमचा खरा रानटी पूर्वज आजवर कुणाला सापडलेला नाही. त्याची चुलत बहीण म्हणजे हर्बेशियम, कच्छचा काला कापूस आणि कर्नाटकातला जयधर ज्या जातीचे ती. तिचं रानटी रूप मात्र आहे, आफ्रिकेच्या दक्षिण भागात. काटक झुडूप, कठीण कवचाची सरकी आणि तिच्यावर आखूड, मळकट तपकिरी केस. सूत कातायला घेतलं तर हाती काही लागणार नाही, असे.

कापसाच्या वंशात पन्नासेक जाती आहेत आणि त्यांतल्या चारच माणसाळल्या. जुन्या जगातल्या, म्हणजे आशिया-आफ्रिकेकडच्या दोन, आर्बोरियम आणि हर्बेशियम. नव्या जगातल्या, म्हणजे अमेरिका खंडांतल्या दोन, हिर्सुटम (आपल्या शेतातली अमेरिकन कपाशी हीच) आणि बार्बाडेन्स. चारही वेळा ही गोष्ट वेगवेगळ्या माणसांनी, एकमेकांचा पत्ता नसताना केली. हिर्सुटम मेक्सिकोच्या युकातान भागात, बार्बाडेन्स पेरू-इक्वेडोरच्या किनारपट्टीकडे. पेरूच्या किनाऱ्यावर तर कापसाचा एक मोठा उपयोग मासेमारीच्या जाळ्यांसाठी होता. चेंदणी कोळीवाड्यातल्या मुलांना हे जरूर सांगा. नायलॉन येण्याआधी आपल्याकडची जाळीही सुती आणि तागाच्या दोऱ्यांची असायची. आर्बोरियम आणि हर्बेशियम ह्या दोघी एकाच पूर्वजाच्या माणसाळलेल्या लेकी असाव्यात असं बराच काळ वाटत होतं. जनुकसंचांची तुलना झाल्यावर दिसलं की माणूस कापसाकडे वळण्याच्या कितीतरी आधी, लाखो वर्षांपूर्वी त्या वेगळ्या झाल्या होत्या. म्हणजे त्यांचं माणसाळणंही स्वतंत्रपणे झालं.

आता मुलीच्या प्रश्नाचा गाभा: बदललं काय? माझं उत्तर एका शब्दात आहे, वेळ. धाग्याने किती दिवस वाढायचं ती वेळ, आणि झाडाने कधी फुलायचं ती वेळ. माणसाच्या निवडीने मुख्यतः ही दोन घड्याळं बदलली.

धाग्यापासून सुरू करू. कापसाचा प्रत्येक तंतू ही एकच पेशी असते. सरकीच्या सालीवरच्या पेशींपैकी साधारण पाव हिस्सा पेशी फूल उमलतं त्याच दिवशी फुगून वर येतात आणि लांब व्हायला लागतात. शेतातल्या कपाशीत ही लांबी सुमारे तीन आठवडे वाढत राहते. त्यानंतर पेशी आतून सेल्युलोजचे थर चढवते, भिंत जाड होते, पन्नासेक दिवसांनी बोंड फुटतं, पेशी वाळून चपटी होते आणि पिळे घेते. त्या पिळांमुळे तंतू एकमेकांत अडकतात आणि सूत निघतं. २८ मिलिमीटर लांबीचा तंतू त्याच्या जाडीच्या दीड-दोन हजार पट लांब असतो. वनस्पतीच्या एका पेशीने एवढं लांब व्हावं, हे मला आजही थक्क करतं. फुलोऱ्यानंतर आठव्या-दहाव्या दिवसाचं बोंड चिरून आतले ओले, काचेसारखे केस कितीदा पाहिले असतील, मन भरलं नाही.

रानटी जातीत हीच पेशी तशीच फुगते आणि तशीच वाढायला लागते. पण लांबीचं काम लवकर थांबवून भिंत जाड करायला घेते. त्यामुळे तंतू जेमतेम सेंटिमीटरभर राहतो. माणसाने निवडलेल्या झाडांत लांबीचा टप्पा पुढे ढकलला गेला. घर तेच, गवंडी तोच, फक्त गिलावा उशिरा सुरू झाला आणि तोवर भिंत उंच गेली, असं मुलांना सांगता येईल.

हे घडवणारं एखादं 'कापसाचं जनुक' सापडलं का, असं मला नेहमी विचारतात. नाही. काही जनुकं ठळक आहेत. मिब कुळातलं एक जनुक, मिब-२५-लाइक, पेशीने केस व्हायचं की साधी साल राहायचं ते ठरवण्यात पुढे असतं. ते गप्प केलं की सरकी जवळपास टकली निघते. होक्स-३ नावाचं दुसरं जनुक लांबी वाढवण्याच्या कामात आहे. ते दाबलं तर तंतू अगदी आखूड राहतो. पण रानटी आणि माणसाळलेल्या हिर्सुटमच्या वाढत्या तंतूंची तुलना केली तर हजारो जनुकांच्या कामाची पातळी बदललेली दिसते. कुठे आवाज वाढलेला, कुठे कमी केलेला. प्रोफिलिन नावाची प्रथिनं पेशीच्या आतल्या सांगाड्याची बांधणी सांभाळतात. जुन्या जगातल्या आणि नव्या जगातल्या, दोन्हीकडच्या माणसाळलेल्या कापसात ह्या प्रोफिलिनची पातळी वाढलेली आढळली. वेगळी खंडं, वेगळी माणसं, आणि निवडीने गाठलेली जागा मात्र एकच. ह्या विषयात मला सगळ्यात सुंदर वाटतं ते हे.

अर्थात हे करणाऱ्या बायामाणसांना जनुकं ठाऊक नव्हती. ज्या झाडाची रुई बोटांत लांब येते, सरकीपासून सहज सुटते आणि पांढरी आहे, त्याची सरकी पुढच्या पेरणीला ठेवायची, एवढंच. रानटी कापसाचा तपकिरी रंग टॅनिनसारख्या द्रव्यांमुळे येतो. पांढरा कापूस हीसुद्धा हातांनी केलेली निवड आहे.

दुसरं घड्याळ फुलण्याचं. तुमचं झाड दिवाळीच्या सुमाराला फुलतं ही नोंद तुम्ही सहज केलीत, पण ती मोलाची आहे. रानटी कापूस दिवस लहान व्हायला लागले की फुलतो. ठाण्याच्या अक्षांशावर जूनमधला सर्वांत मोठा दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा आणि डिसेंबरमधला सर्वांत लहान सुमारे अकरा तासांचा असतो. एवढा फरक अशा झाडाला पुरतो. पण कपाशी जसजशी उष्ण कटिबंधातून वर सरकली तसतशी ही सवय अडचणीची झाली. उत्तरेकडे दिवस लहान होईपर्यंत थंडी येते आणि बोंडं पिकायच्या आत झाड गारठतं. जी झाडं दिवसाच्या लांबीकडे न पाहता लवकर फुलली त्यांचीच सरकी हाती आली. त्यातून हंगामी कपाशी उभी राहिली.

विदर्भातल्या शेतकऱ्याला विचारा, तो पऱ्हाटी, म्हणजे कपाशीचं झाड, पाहून गळफांद्या आणि फळफांद्या वेगळ्या दाखवतो. गळफांदी सरळ वर जाते, पानं वाढवते. फळफांदी नागमोडी आडवी जाते आणि प्रत्येक पेऱ्यावर पातं, म्हणजे कळी, धरते. रानटी झाडात गळफांद्यांचं राज्य असतं. झाडाच्या आत फुलोऱ्याकडे ढकलणारा एक संदेश असतो आणि वाढ चालू ठेवणारा दुसरा. फुलोऱ्याच्या संदेशाचं जनुक एसएफटी आणि त्याला आवरणारं एसपी. प्रयोगशाळेत एका निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या मदतीने फुलोऱ्याचा संदेश रानटी वळणाच्या कपाशीत पोचवला, तेव्हा ती लांब दिवसांतही फुलली. हजारो वर्षांच्या निवडीने ह्याच दोन संदेशांचं पारडं फुलोऱ्याकडे झुकवलं, असं मी मानते.

एक गोष्ट पुस्तकांत चुकीची लिहिली जाते. शेतातली कपाशी वर्षायु आहे असं आपण शिकवतो, पण तिच्यातली बहुवर्षायु सवय गेलेली नाही. वेचणी संपल्यावर पाणी दिलं की ती पुन्हा पालवते आणि बोंडं धरते. त्यालाच फरदड म्हणतात. गुलाबी बोंडअळीला वर्षभर खायला मिळू नये म्हणून फरदड घेऊ नका असं शेतकऱ्यांना बजावून सांगावं लागतं. झाड आपणहून मेलं असतं तर हे सांगावंच लागलं नसतं.

आता आकड्यांची गंमत, आणि तिच्यासाठी तुम्हाला खाडीपर्यंत जावं लागेल. देशी कापसात २६ गुणसूत्रं असतात, अमेरिकन हिर्सुटममध्ये बरोबर दुप्पट, ५२. १९३४ मध्ये स्कोव्हस्टेड ह्या संशोधकाने दाखवलं की त्या ५२ मध्ये अर्धी गुणसूत्रं मोठी आहेत, आशियाई कापसासारखी. आणि अर्धी लहान, अमेरिकेतल्या रानटी जातींसारखी. म्हणजे कधीकाळी दोन वेगळ्या कापसांचा संकर झाला, गुणसूत्रं दुप्पट झाली आणि नवा वंश उभा राहिला. हे दहा ते वीस लाख वर्षांपूर्वीचं, अमेरिकेत झालेलं. माणूस तिथे पोचायच्या कितीतरी आधीचं. पण आफ्रिका-आशियाच्या वळणाचा कापूस समुद्र ओलांडून तिथे गेला कसा?

कळव्याच्या खाडीकाठी पारसपिंपळ पाहा, ज्याला आपल्याकडे भेंडीचं झाडही म्हणतात. पिवळं फूल, तळाशी लालसर डाग, हृदयाच्या आकाराचं पान. ते कापसाच्याच कुळगटातलं आहे. सरकीत आणि कापसाच्या पानांत ज्या काळ्या ठिपक्यांत गॉसिपॉल नावाचं विषारी द्रव्य असतं, तशा ग्रंथी ह्या गटाची खूण आहे. पारसपिंपळाची फळं भरतीच्या पाण्यावर तरंगत दूर जातात आणि खाऱ्या पाण्यातून गेलेल्या बिया रुजतात. रानटी कापसाच्या कठीण सरकीतही खारं पाणी सोसण्याची ही ताकद आहे. हवाई बेटांवरची तोमेंतोसुम ही जात अशाच सागरी प्रवासाने तिथे पोचली. त्यामुळे लाखो वर्षांपूर्वी एखादी सरकी लाटांवरून अमेरिकेच्या किनाऱ्याला लागली असणं अजिबात अशक्य नाही. माणसाळल्यावर मात्र सरकीचं कवच पातळ झालं आणि ती पेरल्या पेरल्या पाणी पिऊन उगवायला लागली. शेतात ते सोयीचं, समुद्रात घातक.

ह्या संकराचं एक कोडं वर्षानुवर्षं मनात होतं. लहान गुणसूत्रांच्या बाजूचे जे नातलग आज जिवंत आहेत, उदाहरणार्थ पेरूची राइमोंडी, त्यांच्या सरकीवर कातण्याजोगी रुईच नसते. तरी १९९८ मध्ये झालेल्या अभ्यासात हिर्सुटम-बार्बाडेन्सच्या धाग्याचे गुण ठरवणाऱ्या जागांपैकी बऱ्याच ह्या रुई नसलेल्या बाजूच्या गुणसूत्रांवर निघाल्या. म्हणजे जिच्या माहेरी चरखा नव्हता तीच सासरी सूत कातायला उपयोगी पडली. मला पटणारं स्पष्टीकरण असं आहे: आशियाई वळणाच्या बाजूने लांब तंतूचा कारखाना आणला, त्या कारखान्यात निसर्गाने आधीच बरंच काम केलेलं होतं, दुसऱ्या बाजूने नवी बटणं आणली, आणि निवडीला फिरवायला ती बटणं मोकळी मिळाली. राइमोंडीचा जनुकसंच २०१२ मध्ये, आर्बोरियमचा २०१४ मध्ये आणि हिर्सुटमचा २०१५ मध्ये वाचून झाला. त्यानंतर ह्या चर्चेला ठोस पाया आला.

२६ आणि ५२ ह्यांची गाठ मी स्वतःच्या हातांनी बांधायचा प्रयत्न केलाय. संध्याकाळी, उद्या उमलणारी कळी हेरायची, नखाने अलगद पुंकेसर काढायचे, वर लाल कागदाची पुंगळी घालायची आणि सकाळी दुसऱ्या झाडाचे पराग लावायचे. देशी आणि अमेरिकन कपाशीचा संकर असा केला की रोप उगवलंच तर ३९ गुणसूत्रांचं होतं. जोमदार वाढतं, ढीगभर फुलतं आणि बोंड एकही धरत नाही. पहिल्या वर्षी अशी रोपं पाहून आमच्या शेतावरच्या एका मजूरबाई म्हणाल्या होत्या, "ताई, ही पऱ्हाटी नुसतीच नटते." गुणसूत्रांना जोडीदार सापडत नाही. कोल्चिसीन हे रसायन लावून गुणसूत्रं दुप्पट केली की काही झाडं सुपीक होतात, आणि मग देशीचे गुण अमेरिकनमध्ये नेण्याची अरुंद वाट उघडते. त्या वाटेवर माझी अनेक वर्षं गेली.

ती वाट कशासाठी, हेही मुलांना कळायला हवं. स्वातंत्र्याच्या वेळी आपल्या देशात बहुतेक कापूस देशी होता. लँकेशायरच्या आणि नंतर आपल्याच गिरण्यांच्या यंत्रांना लांब धागा हवा होता, म्हणून अमेरिकन कपाशी वाढत गेली. १९७० मध्ये सुरतेहून डॉ. सी. टी. पटेल यांचा एच-४ आला, व्यापारी लागवडीतला जगातला पहिला संकरित कापूस. २००२ मध्ये बीटी आली, बोंडअळीला मारणारं जिवाणूचं जनुक घातलेली कपाशी. आणि देशी कापूस थोड्या पट्ट्यांत उरला. पहिली निवड हातांनी केली, ही दुसरी यंत्रांनी. प्रत्येक निवडीत काही वंश गाळले जातात. आज शेतात उभी असलेली हिर्सुटम आतून फार एकसारखी आहे. उत्तर भारतात पांढऱ्या माशीमुळे पसरणारा, पानं मुरडवणारा विषाणू तिला झोपवतो; आर्बोरियमला तो त्रास देत नाही. कोरडवाहू जमिनीत, कमी पाण्यात, कमी फवारण्यांत देशी तग धरते. तिचा दोष आखूड धागा आणि लहान बोंड. परभणीच्या विद्यापीठाने निवड करत करत लांब धाग्याच्या देशी जाती उभ्या केल्या, तेव्हा तो दोषही कायमचा नाही हे दिसलं. घड्याळ देशीतही पुढे ढकलता येतं.

तुमच्या झाडाचं घराणं किती जुनं, याचाही एक धागा आपल्या लोकल मार्गावर आहे. मोहेंजोदडोत चांदीच्या भांड्याला चिकटलेला कापडाचा तुकडा सापडला. त्याची तपासणी माटुंग्याच्या प्रयोगशाळेत गुलाटी आणि टर्नर यांनी केली आणि तो कापूस असल्याचं, आर्बोरियमच्या वळणाचा असल्याचं सांगितलं. १९२४ मध्ये सुरू झालेली ती प्रयोगशाळा आज केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था म्हणून तिथेच आहे. बलुचिस्तानातल्या मेहरगढला तर तांब्याच्या मण्यात अडकलेला कापसाचा धागा मिळाला, सात हजार वर्षांहून जुना. तो कुठल्या जातीचा ते त्यावरून कळत नाही. आणि तुमच्या गावाचं म्हणाल, तर तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोने ठाण्याच्या बंदरातून बाहेर जाणाऱ्या मालात कापूस आणि कापड नोंदवलंय.

मुलांकडून एक काम करून घ्या. यंदा झाड फुललं की एकाच दिवशी उमललेल्या वीस-पंचवीस फुलांच्या देठांना रंगीत दोरा बांधा आणि तारीख लिहा. मग पाचव्या, दहाव्या, पंधराव्या, विसाव्या, पंचविसाव्या दिवशी दोन-दोन बोंडं तोडून चिरा, सरकी मिनिटभर उकळत्या पाण्यात धरा. गुंता सुटून केस खाली लोंबतात. ते पट्टीवर सरळ करून मोजा आणि आलेख काढा. पाणी आणि ब्लेड तुमच्या हातात ठेवा. शेतातल्या कपाशीची चार रोपं कुंडीत लावून तसंच मोजलंत तर दोन्ही रेषा एकाच कागदावर येतील. देवकापसाची रेषा कितव्या दिवशी आडवी होते, तेवढं त्या मुलीला शोधायला सांगा. आणि तिचा आकडा मला कळवा.